‘देवानं मला सांगितलं’: या वाक्यावर संशोधन कसं करायचं?



धर्म, श्रद्धा किंवा उपासनापद्धती यांवर पीएच.डी. करायची ठरवली की मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. समितीतलं कुणीतरी विचारतं, “तुम्ही ज्यांचा अभ्यास करणार ते लोक म्हणतात की देव त्यांच्याशी बोलतो. हे खरं की खोटं, हे तुम्ही कसं ठरवणार?”

इथे साधारण दोन उत्तरं दिली जातात. काही विद्यार्थी घाईघाईनं म्हणतात, “सर, तो मनाचा खेळ असतो.” काही म्हणतात, “मॅडम, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे.” दोन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात, पण दोन्ही उत्तरांनंतर संशोधनाला काही शिल्लकच राहत नाही. सगळा मनाचा खेळच असेल तर चार वर्षं कशाला घालवायची? आणि तो फक्त श्रद्धेचा विषय असेल तर तुम्ही तिथे काय करणार?

आज आपण तिसरं उत्तर शोधू. त्यासाठी उदाहरण घेऊ ‘संदेश देण्याच्या कृपादाना’चं, म्हणजे देवाचं म्हणणं ऐकून ते इतरांना सांगण्याची जी साधना सामान्य ख्रिस्ती माणसं रोजच्या जगण्यात करतात तिचं. आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. पाचगणी, केडगाव आणि येरवडा एवढ्या टापूतच आपलं काम भागेल.

1. आधी शब्द नीट समजून घेऊ

‘भविष्यवाद’ किंवा ‘संदेष्टा’ हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर पत्रिका बघणारा ज्योतिषी येतो. अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे हे चित्र बाजूला ठेवणं.

बायबलच्या नव्या करारात पौल करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो. हे पत्र साधारण इसवी सन 55 च्या सुमाराचं मानलं जातं. त्याच्या चौदाव्या अध्यायात पौल या कृपादानाची कामं सांगतो: ऐकणाऱ्याची उभारणी व्हावी, त्याला हुरूप यावा, त्याचं सांत्वन व्हावं. उद्या काय घडणार हे सांगणं या यादीत नाही.

त्याच अध्यायात पौल आणखी एक नियम घालून देतो आणि आपल्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे. दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही तो हेच सांगतो: संदेशांना तुच्छ लेखू नका, पण सगळ्याची परीक्षा करा.

म्हणजे बोलणाऱ्याइतकीच जबाबदारी ऐकणाऱ्यांवर टाकलेली आहे. संदेश आणि पडताळणी ही जोडी मूळ ग्रंथातच आहे. ती बाहेरच्या टीकाकारांनी चिकटवलेली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख याच्याभोवती फिरणार आहे.

एक सावधगिरी. “ख्रिस्ती लोक असं मानतात” हे वाक्य प्रबंधात लिहू नका. प्रेषितांच्या काळानंतर ही कृपादानं थांबली असं मानणाऱ्या मंडळ्या आहेत. पेन्टेकोस्टल मंडळ्या मानतात की ती आजही प्रत्येक विश्वासणाऱ्याला मिळू शकतात. कॅथलिक चर्चमध्ये 1967 नंतर वाढलेल्या कॅरिस्मॅटिक चळवळीचं स्वतःचं वेगळं म्हणणं आहे. तुम्ही नेमक्या कोणत्या मंडळीबद्दल बोलताय, हे प्रत्येक विधानाआधी स्पष्ट हवं.

2. केडगाव, 1905: बोलण्याचा हक्क कुणाला?

पुणे जिल्ह्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बालविधवा, घरातून टाकलेल्या बायका अशा शेकडो जणी तिथे राहत होत्या.

जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र जमून प्रार्थना करायला इच्छुक मुलींना बोलावलं. सुरुवातीला साधारण सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेपर्यंत गेला. 29 जूनच्या पहाटे वसतिगृहातल्या एका मुलीला पवित्र आत्म्याचा इतका तीव्र अनुभव आला की तिच्याभोवती आग दिसल्यामुळे दुसरी मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली, अशी नोंद आहे. बादली ओतायच्या आधी तिच्या लक्षात आलं की ही आग वेगळी आहे. तिथली सहकारी मिशनरी मिनी एब्रम्स हिनं या घटनांवर 1906 मध्ये पुस्तिका काढली. ती पुस्तिका चिलीतल्या तिच्या मैत्रिणीपर्यंत पोचली आणि तिथल्या पेन्टेकोस्टल चळवळीच्या सुरुवातीशी केडगावचं नाव जोडलं गेलं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधली प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटची सभा एप्रिल 1906 मधली, म्हणजे केडगावनंतरची. जगातला पेन्टेकोस्टल इतिहास अमेरिकेतून सुरू झाला असं म्हणणाऱ्यांना आज अभ्यासक केडगावची तारीख दाखवतात.

आता संशोधक म्हणून इथे काय बघायचं? आग खरी होती का, या प्रश्नावर तुमच्याकडे कोणताही पुरावा गोळा होणार नाही. पण दुसरा एक प्रश्न आहे: कोण बोलत होतं?

त्या काळातल्या मराठी समाजात ज्यांना घरातही बोलायची मुभा नव्हती, अशा मुली इथे मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, इतरांसाठी मागणं मागत होत्या, गटागटानं आसपासच्या गावांत जात होत्या. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात मुलगे, मुली आणि दासदासी या सगळ्यांवर आत्मा ओतला जाईल असं म्हटलं आहे. केडगावच्या मुलींना ते स्वतःबद्दल लिहिल्यासारखं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. या प्रार्थनांचा गोंगाट काही मिशनऱ्यांना खटकला. रमाबाईंनी 1907 मध्ये ‘मुक्ती प्रेअर बेल’ या आपल्या पत्रिकेतून मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसांनी आपल्या पद्धतीनं प्रार्थना केली तर बिघडलं कुठे, असा त्यांचा रोख होता.

बघा, प्रश्न बदलल्याबरोबर सामग्री हाती आली: पत्रिकेचे अंक, पुस्तिका, पत्रं, मिशनचे अहवाल. पडताळणी कोण करणार यावरचा वादही सापडला. परदेशी मिशनरी करणार, की रमाबाई, की स्वतः मुली? हा सत्तेचा प्रश्न आहे आणि त्यावर पुरावा मिळतो.

3. पाचगणी: वही, पेन आणि शांतता

आता घाट चढून वर येऊ. पाचगणीत टेबल लँड, स्ट्रॉबेरी आणि निवासी शाळा यांपलीकडे आणखी एक जागा आहे: ‘एशिया प्लॅटो’. हे केंद्र 1968 साली सुरू झालं. महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी यांचा त्यामागे मोठा वाटा. त्याआधी 1964 मध्ये त्यांनी मुंबईतून ‘हिम्मत’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं होतं. ज्या चळवळीचं हे केंद्र, तिचं तेव्हाचं नाव ‘मॉरल री-आर्मामेंट’, म्हणजे एमआरए. 2001 पासून तिचं नाव ‘इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज’ आहे.

या चळवळीचा जनक फ्रँक बुकमन (1878–1961) हा अमेरिकेतला लुथरन पाळक. 1908 मध्ये इंग्लंडमधल्या केझिक इथे एका छोट्या प्रार्थनामंदिरात तो प्रवचन ऐकत बसला होता. ज्या सहा विश्वस्तांशी त्याचं बिनसलं होतं त्यांच्याबद्दलचा राग आपणच मनात धरून बसलोय, असं त्याला त्या वेळी जाणवलं. त्यानं त्या सहाही जणांना माफीची पत्रं लिहिली. पुढे त्याची सगळी पद्धत या अनुभवातून उभी राहिली.

ती पद्धत अगदी साधी आहे. सकाळी लवकर उठायचं. शांत बसायचं. मनात जे येईल ते वहीत लिहायचं. मग लिहिलेलं चार कसोट्यांवर घासून बघायचं: पूर्ण प्रामाणिकपणा, पूर्ण शुद्धता, पूर्ण निःस्वार्थता, पूर्ण प्रेम. जे या कसोट्यांवर उतरत नाही ते सोडून द्यायचं. जे उतरतं ते विश्वासातल्या माणसांना दाखवायचं आणि मग कृती करायची.

बुकमनच्या सुरुवातीच्या ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये हा सरळसरळ ख्रिस्ती मार्गदर्शनाचा सराव होता. अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या पायऱ्यांमध्येही त्याची छाप दिसते. पाचगणीत मात्र हिंदू, मुस्लिम, पारशी, शीख, निरीश्वरवादी असे सगळेच येऊ लागले. कारखान्यातले कामगार, अधिकारी, शिक्षक, विद्यार्थी एकत्र शांत बसू लागले. आता ‘पवित्र आत्म्याचं मार्गदर्शन’ हा शब्द सगळ्यांना कसा चालणार? मग ‘आतला आवाज’ हा शब्द पुढे आला.

हा शब्द आपल्याकडे आधीपासून होताच. 1933 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी 21 दिवसांचा उपवास जाहीर केला. तो 8 मे रोजी सुरू झाला. पुढे ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिलं की आपल्याला स्पष्ट आवाज ऐकू आला होता. तो देवाचाच होता हे सिद्ध करण्यासाठी आपल्याकडे पुरावा नाही, हेही त्यांनी मान्य केलं. त्याहीआधी आपल्या संतपरंपरेत ‘दृष्टांत’ आहे. नामदेव आणि पांडुरंग स्वप्नात आले आणि त्यांनी कविता करायला सांगितलं, असं तुकाराम महाराज स्वतः सांगतात. तुकारामांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत आलेले कवी नारायण वामन टिळक यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत याच सातारा जिल्ह्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, तोही मिशनची नोकरी सोडून.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर इथे आपल्याला एकाच प्रकारच्या अनुभवाची किती नावं आहेत ते दिसतं: संदेश, मार्गदर्शन, प्रेरणा, आतला आवाज, दृष्टांत, कौल. लोक स्वतः वापरतात त्या शब्दांना अभ्यासात ‘एमिक’ म्हणतात आणि संशोधक तुलनेसाठी वापरतो त्या शब्दांना ‘एटिक’. ‘श्रवणानुभव’ हा तुमचा एटिक शब्द असू शकतो. पण मुलाखतीत तो वापरलात तर समोरच्या बाई, “म्हणजे काय हो?” असंच विचारतील. त्यांच्याशी त्यांच्याच शब्दात बोला आणि कोणता शब्द कुणी वापरला याची नोंद ठेवा. शब्दांची निवड हीसुद्धा माहितीच आहे.

4. आवाज ऐकायला शिकता येतं का?

इथे मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन यांचं काम वाचायलाच हवं. शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिनयार्ड चर्चमध्ये त्या कित्येक वर्षं जात राहिल्या, प्रार्थनागटांत बसल्या. त्यावरचं त्यांचं ‘व्हेन गॉड टॉक्स बॅक’ हे पुस्तक 2012 मध्ये आलं.

त्यांचं मुख्य निरीक्षण असं: देवाचा आवाज ऐकणं हे शिकावं लागतं. नवीन आलेल्या माणसाला सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. मग त्याला मनात येणाऱ्या विचारांकडे वेगळ्या नजरेनं बघायला शिकवलं जातं. कोणता विचार माझा आणि कोणता देवाचा? त्यासाठी गटात काही कसोट्या असतात. विचार अनपेक्षित होता का? बायबलमधल्या देवाच्या स्वभावाशी तो जुळतो का? दुसऱ्या कुणाच्या प्रार्थनेतून किंवा घडलेल्या गोष्टीतून त्याला दुजोरा मिळाला का? त्यानं मनाला शांती मिळाली का?

पाचगणीच्या चार कसोट्या आणि शिकागोच्या या चार कसोट्या शेजारी ठेवून बघा. शिकागोच्या कसोट्या विचार कुठून आला ते शोधतात. पाचगणीच्या कसोट्या तो विचार माणसाकडून काय करून घेईल ते तपासतात. एवढ्या एका फरकावर एक चांगला तुलनात्मक प्रबंध उभा राहू शकतो.

लुहरमन यांनी प्रयोगही केला. शंभराहून अधिक लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटलं. एका गटानं रोज अर्धा तास, असं चार आठवडे, बायबलमधला प्रसंग मनात जिवंत करत प्रार्थना केली. दुसऱ्या गटानं तेवढाच वेळ शुभवर्तमानांवरची व्याख्यानं ऐकली. प्रार्थना करणाऱ्यांची मनातली चित्रं अधिक ठळक झाली आणि त्यांना असाधारण अनुभवही जास्त आले. म्हणजे सरावानं फरक पडतो. कल्पनेत गुंगून जाण्याची ज्याची-त्याची क्षमता वेगळी असते, यानंही पडतो.

पण यावरून काय सिद्ध होतं? देव नाही, हे सिद्ध होत नाही. देव आहे, हेही नाही. गाणं ऐकायचा कान रियाजानं तयार होतो, एवढ्यावरून गाणं खरं की खोटं हे ठरत नाही. विद्यार्थी नेमके इथेच घसरतात. निष्कर्ष पुराव्याच्या एक पाऊलही पुढे जाता कामा नये.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. लुहरमन यांना भेटलेल्या बहुतेकांचे ऐकण्याचे प्रसंग क्वचित, अगदी थोडक्यात आणि त्रास न देणारे होते. मनोविकारातले आवाज बहुधा वारंवार, दीर्घ आणि छळणारे असतात. दोन्हींना एकाच डब्यात टाकणं हा शास्त्रीयपणा नव्हे.

5. प्रश्न कसा बदलायचा

आता मुलाखतीतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. धर्माच्या अभ्यासात ‘पद्धतीपुरती तटस्थता’ नावाची भूमिका आहे. निनियन स्मार्ट या अभ्यासकानं ती 1970 च्या दशकात स्पष्ट मांडली. देव बोलतो का, यावर माझं वैयक्तिक मत काहीही असो, संशोधनात मी ते गृहीत धरणार नाही आणि नाकारणारही नाही. मी बघणार की लोक काय करतात, कसं ठरवतात आणि त्याचे परिणाम काय होतात.

विल्यम जेम्स यांनी 1902 मध्येच एक वाट दाखवून ठेवली होती: अनुभवाचं मूळ कुठे आहे यावरून त्याची किंमत ठरवू नका, त्याची फळं बघा.

म्हणून प्रश्न असे बदला:

– “देव खरंच बोलतो का?” याऐवजी: “एखादा विचार देवाचा आहे हे या गटात कोणत्या पायऱ्यांनी ठरतं?”

– “संदेश खरे ठरतात का?” याऐवजी: “संदेश खरा ठरला नाही तर गट त्याचं काय करतो?”

– “हे लोक असं का मानतात?” याऐवजी: “कुणाचा संदेश पटकन मान्य होतो आणि कुणाचा तपासला जातो?”

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, एखाद्या प्रार्थनासभेत नवीन आलेली मोलकरीण म्हणाली, “माझ्या मनात आलं की आपण त्या आजारी आजींकडे जाऊ या.” आणि त्याच सभेत पाळक म्हणाले, “देवानं सांगितलंय, इमारतीसाठी पैसे द्या.” दोन्ही संदेशांची पारख सारख्याच काटेकोरपणे होते का? उत्तर गटागणिक वेगळं असेल. ते बसून, ऐकून, लिहून शोधता येतं.

6. वहीचं महत्त्व

आठवणीवर आधारलेल्या मुलाखतींत एक मोठी अडचण असते. खरे ठरलेले संदेश लक्षात राहतात, फसलेले विसरले जातात. दहा वर्षांनी सांगताना गोष्ट आपोआप नीटनेटकी होते. हे मुद्दाम होत नाही. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच आठवणी अशा चालतात.

पाचगणीच्या पद्धतीत यावरचा उपाय आयताच आहे: तारीख घातलेली वही. विचार आला तेव्हाच लिहिला, म्हणजे निकाल लागायच्या आधी लिहिला. कुणी अशी वही दाखवायला तयार असेल तर प्रत्येक नोंदीसाठी चार रकाने करा: काय लिहिलं, कुणाला दाखवलं, काय केलं, पुढे काय झालं. ज्या नोंदींचं पुढे काहीच झालं नाही त्याही मोजा. उलट त्या आधी मोजा. नोंद नेमकी कशाबद्दल आहे तेही बघा: “धाकट्या भावाची माफी माग” ही नोंद स्वतःला कामाला लावते, “त्यानं माझं ऐकावं” ही नोंद दुसऱ्याला. या दोन प्रकारांचं प्रमाण काढलंत तरी तुमचं एक प्रकरण उभं राहील.

जुन्या काळासाठी छापील साधनं आहेत. 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’, मुक्ती मिशनच्या पत्रिका, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, ‘हिम्मत’चे अंक. छापलेल्या साक्षींमध्येही निवड झालेली असते, हे विसरू नका. फसलेला संदेश सहसा कुणी छापत नाही.

7. साताऱ्याचा दुसरा वारसा

सातारा जिल्ह्यात हा विषय घेतलात तर आणखी एका माणसाला टाळता येणार नाही: डॉ. नरेंद्र दाभोलकर. साताऱ्यातून काम करत त्यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. दैवी शक्ती अंगात असल्याचं भासवून लोकांना घाबरवणं, फसवणं, औषधोपचारापासून रोखणं हे त्यानुसार गुन्हे आहेत. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना मात्र हा कायदा हात लावत नाही.

तुम्हाला कुणीतरी विचारेल, “तटस्थ राहायचं म्हणजे फसवणुकीकडेही डोळेझाक करायची का?” अजिबात नाही. तटस्थता देवाच्या अस्तित्वाबद्दल आहे, माणसाला होणाऱ्या इजेबद्दल नाही.

खुद्द पाचगणीच्या परंपरेचा इतिहासही हेच सांगतो. ऑगस्ट 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत बुकमननं साम्यवादाला अडवल्याबद्दल हिटलरचं कौतुक केलं. असा हुकूमशहा देवाच्या ताब्यात आला तर काय होईल, असंही तो म्हणाला. राइनहोल्ड नीबर या धर्मशास्त्रज्ञानं त्याच वर्षी त्याच्यावर कडक टीका केली: सत्तेतल्या मोठ्या माणसांचं मन बदललं की जग बदलेल, हा भाबडेपणा आहे. रोज पहाटे शांत बसणारा, स्वतःला कसोट्या लावणारा माणूसही इतका चुकू शकतो. वैयक्तिक कसोट्या सार्वजनिक प्रश्नांना पुरतात का, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचा आवाज पडताळणीत असतो का, हे त्यातून निघणारे अभ्यासाचे प्रश्न.

एकत्र ठेवून बघा. केडगावात ज्यांना आवाज नव्हता त्यांना या साधनेनं आवाज दिला. 1936 मध्ये तीच साधना करणाऱ्याच्या तोंडून सत्तेची स्तुती निघाली. आवाज कुठून आला यावरून या दोन घटनांतला फरक कळत नाही. कोण बोललं, कुणाच्या बाजूनं बोललं आणि त्याची पारख करायला समोर कोण होतं, यावरून कळतो.

8. क्षेत्रात उतरण्याआधी

– संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. संमतीपत्र मराठीत, साध्या शब्दांत असू द्या. “माझी वही दाखवेन, पण फोटो नको” असं म्हणायची सोय त्यात हवी.

– पाचगणी निवासी शाळांचं गाव आहे. विद्यार्थ्यांशी बोलायचं असेल तर पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतं. प्राचार्यांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे.

– लहान गावात नाव बदलून भागत नाही. “पाचगणीतल्या अमुक शाळेतल्या संगीत शिकवणाऱ्या ख्रिस्ती बाई” एवढं लिहिलंत की गाव ओळखणारच. तपशील बदला किंवा गाळा, आणि मजकूर त्या व्यक्तीला आधी वाचून दाखवा.

– मुलाखतीत कुणी म्हणालं की आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतोय, तर तिथे संशोधन थांबवा. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, मार्गदर्शकांना कळवा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. हे आधीच आराखड्यात लिहून ठेवा.

– प्रार्थनासभेत तुम्हालाही कुणीतरी संदेश देईल. “देव तुमच्या प्रबंधाबद्दल सांगतोय…” हसू नका, वादही घालू नका. नमस्कार करा, ऐका, आणि घरी आल्यावर क्षेत्रवहीत लिहा: काय म्हटलं गेलं, कुणासमोर, आणि तुम्हाला काय वाटलं. तुम्ही त्या खोलीत होता, हीसुद्धा माहितीचाच भाग आहे.

आता तुमची पाळी

आराखडा लिहिण्याआधी दोन छोटी कामं करा. पहिलं, करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय मराठीच्या दोन-तीन भाषांतरांत वाचा. त्यात रमाबाईंचं भाषांतरही ठेवा; त्यांचं संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये छापलं गेलं. एकाच कल्पनेसाठी कुठे कोणता शब्द आलाय ते टिपा. दुसरं, तुमच्या ओळखीच्या कोणत्याही धर्मगटात, मग ते भजनी मंडळ असो, वारीची दिंडी असो की चर्चची सभा, “मला आतून वाटलं” असं कुणी म्हटल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय होतं ते नीट बघा. कोण मान डोलावतं? कोण प्रश्न विचारतं? कुणाला प्रश्न विचारायची हिंमत होत नाही?

ती पाच मिनिटं लिहून काढता आली की मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे: “मॅडम, देव बोलला का हे मी ठरवणार नाही. त्यानंतर माणसं एकमेकांशी कशी वागली, ते मी दाखवणार आहे.” समिती पुढचा प्रश्न विचारेल. विचारू द्या. आता तुमच्याकडे सांगायला काहीतरी आहे.